आठ पाऊण सहा

५ जून २०२०, शुक्रवार, वटपौर्णिमा. पहाटे साडेपाचला दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभी राहून आधी कानोसा घेतला. टाळेबंदीला बहात्तर दिवस झाले होते. या दिवसांत दूध, भाजी आणि औषधं सोडली तर कशासाठीही पाऊल घराबाहेर पडलं नव्हतं. ‘मिशन बिगिन अगेन’मध्ये ३ जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात मोकळ्यावर फिरायला परवानगी मिळाली, पण नेमकं त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं. मग आणखी दोन दिवस घरात. सकाळी फिरायला निघालेल्यांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवल्याच्या बातम्या एप्रिलभर वाचल्या होत्या. त्यामुळे आता मोकळीक असूनही चोरून निघाल्यासारखं वाटत होतं.

पिशवीत मुलीची जुनी चित्रकलेची वही होती. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी आणलेली आणि अर्धी कोरी राहिलेली. शिवाय एक टूबी पेन्सिल, कॅम्लिनच्या रंगवड्यांचा डबा, पाण्याची बाटली आणि सॅनिटायझर. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीवर जाऊन रोहित पक्षी बघायचे आणि जमलं तर काढायचे, एवढाच बेत होता. एप्रिल-मे महिन्यांत नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या उंच इमारतींच्या गच्च्यांवरून काढलेले त्यांचे फोटो देशभर फिरले होते. सगळं पाणी गुलाबी. आणि ते पाणी माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर.

पोचले तर समोर नुसता चिखल. राखाडी, ओला, मैलभर पसरलेला. चार-दोन बगळे आणि कडेला तिवरांची रांग. वादळाने मोडलेल्या फांद्या वाटेत तशाच पडलेल्या. बांधावर सहा फुटांचं अंतर राखून एक वयस्कर गृहस्थ उभे होते. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, तरी ओळख पटली. आमच्याच इमारतीतले काका, मूळचे रेवदंड्याचे आणि गोदीतून निवृत्त झालेले. दहा वर्षांत त्यांच्याशी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

“रोहित बघायला आलात? आज नाही दिसायचे,” ते म्हणाले. “आज पौर्णिमा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. अष्टमीला या. आठ पाऊण सहा.”

मला काही कळलं नाही.

*

आमच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे कानावरून गेल्यापुरते माहीत. काकांना पाऊणकी तोंडपाठ होती आणि तिचा उपयोगही ठाऊक होता. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची रीत अशी: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल त्या आकड्याच्या सुमारास पाणी भरतं, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा झाली की वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागून चालते, म्हणून हे गणित जमतं. खाडीत आत शिरावं तसं पाणी आणखी थोडं उशिरा पोचतं. अर्धा तास इकडेतिकडे धरायचा. त्यासाठी घड्याळ लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

रोहितांचा दिवसही याच गणिताने चालतो. ओहोटी लागली की ते ठाणे खाडीच्या उघड्या पडलेल्या चिखलावर पसरतात आणि चिखलपाण्यातलं सूक्ष्म शैवाल गाळून खातात. भरती आली, चिखल बुडाला, की त्यांना टेकायला जागा लागते. मग थवेच्या थवे उठून नेरुळ-सीवूड्सच्या उथळ पाणथळींवर येतात आणि एका पायावर उभे राहून झोपतात. म्हणजे आपण ज्याला पक्ष्यांचं तळं म्हणतो ती त्यांची झोपायची खोली आहे. जेवणघर खाडीत आहे आणि एक नसेल तर दुसरं निरुपयोगी आहे. ही गोष्ट मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळली, तीही अशा गावात जिथे मी पंचवीस वर्षं राहिले.

“अष्टमीचं पाणी भांगाचं, फार चढत नाही,” काकांनी पुस्ती जोडली होती. “एकादशीला जास्त चढतं, पण तोवर ऊन डोक्यावर येतं. चित्र काढायचंय ना? मग अष्टमी बरी.”

१३ जूनला, ज्येष्ठ वद्य अष्टमीला, पुन्हा गेले. आभाळ पावसाने भरून आलं होतं. बहुतेक थवे परतले होते, पण मागे राहिलेले शंभरेक रोहित तळ्यात होते आणि पाणी बांधाच्या खालच्या दगडापर्यंत आलं होतं. मी पहिली रेघ ओढली आणि लगेच चुकले. पायाचा सांधा मी गुडघा समजून काढला आणि तो पुढे वाकवला. पक्ष्याचा मागे वाकतो. दोन चित्रं फाडल्यावर काकांच्या दुर्बिणीतून नीट पाहिलं. मधोमध दिसतो तो गुडघा नव्हेच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो आणि पक्षी उभा असतो तो चवड्यांवर. फोटो मी शेकड्यांनी पाहिले होते. त्यातल्या एकाही फोटोने मला हे विचारलं नव्हतं. पेन्सिलीने विचारलं, कारण तिला पुढची रेघ कुठे न्यायची ते कळेना.

बांधाच्या कडेने दिवाळे गावची एक कोळीण टोपली घेऊन चालली होती. थांबून वहीत डोकावली.

“काय काडतंस गो बाय?”

पक्षी काढतेय म्हटलं. यंदा फार आलेत ना, असंही म्हटलं.

“तुमी आता बगलाव,” ती म्हणाली. “आमी जलमापासून बगतांव.”

माणूस घरात बसला आणि निसर्ग परत आला, असं त्या उन्हाळ्यात सगळीकडे छापून येत होतं. वर्दळ कमी होती आणि पक्षी निर्धास्त झाले होते, हे खरं. पण हे पक्षी काही टाळेबंदीची बातमी ऐकून आले नव्हते. गुजरातेतून हिवाळ्याच्या तोंडाला येऊन ते केव्हाच इथे बसले होते, जसे गेली कित्येक वर्षं बसत आले आहेत. पलीकडे शिवडीच्या चिखलावर ते १९९०च्या दशकापासून दिसत आहेत. ठाणे खाडीतलं सुमारे १,६९० हेक्टरचं क्षेत्र २०१५ मध्येच रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झालं होतं. त्या वर्षी परत आलो ते आपण.

*

जुलैमध्ये नवी मुंबईत पुन्हा कडक टाळेबंदी लागली. ३ तारखेला सुरू झाली आणि पुढे वाढत गेली. फिरणं बंद झालं, पण वहीची सवय लागली होती. गच्चीवरून पारसिकचा डोंगर काढायला घेतला. डोंगर म्हणजे एक सलग हिरवी कड, अशी माझी समजूत होती. काढायला बसल्यावर कळलं की ती कड अखंड नाही. जागोजागी दगडखाणींनी डोंगर उभा कापलेला आहे आणि कापल्या जागी काळ्या कातळाचे सरळ कडे उभे आहेत. याच डोंगराच्या दगडाने आणि खडीने हे शहर उभं राहिलं. माझ्या घराची भिंत आणि समोरची ती जखम एकाच दगडाची असेल, हा विचार मनात आला आणि ती जागा गडद करताना हात थबकला. हवा इतकी निवळ होती की पावसाच्या उघडिपीत पूर्वेला प्रबळगड आणि त्याच्या उजवीकडे लांबवर कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. तो अंगठ्यासारखा सुळका मी त्याआधी फक्त गोवा महामार्गावरून पाहिला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. असा वृक्ष ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. बातमी वाचली आणि चिपी ओळखायला निघाले. तोवर माझ्या लेखी खाडीकाठचं प्रत्येक झाड म्हणजे तिवर. चिपीचं पान जाड आणि गोलसर, फूल पांढऱ्या केसरांचं आणि रात्री उमलणारं, फळ हिरव्या भोवऱ्यासारखं. चिखलातून वर आलेली तिची श्वासमुळं शंकूसारखी जाडसर, तर तिवराची पेन्सिलीइतकी बारीक. तिवराचं पान उलटं करून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं तर खारट लागलं. खारं पाणी पिऊन झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं. दुपारी पान वाळलं की त्यावर मिठाचे कण चमकतात. पाण्याच्या रंगाने ती चमक आणायला मला तीन दिवस लागले. शेवटी कागदच कोरा सोडला तेव्हा ती आली.

*

सप्टेंबरपासून पल्ला वाढवला. पाम बीच रस्त्याच्या कडेने बेलापूरपर्यंत, चार-साडेचार किलोमीटर. तिथे किल्ले गावठाणाजवळ रस्त्याला लागून बुरूज उभा आहे. उरणकडे जाताना बसमधून तो शेकडो वेळा पाहिला होता, म्हणजे डोळ्यासमोरून गेला होता. सिग्नल सुटायच्या आत संपणारी वास्तू.

फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसले. पहिल्या चित्रात मी दगड विटांसारखे एकसारखे काढत गेले आणि बुरूज पाण्याच्या टाकीसारखा दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी एकच हातभर जागा निवडली आणि तेवढीच काढली. त्या हातभर जागेत एकही दगड दुसऱ्यासारखा नव्हता. कुठे चुना अजून धरून होता, कुठे तो झडून सांध्यात बोट शिरेल एवढी फट पडली होती आणि त्या फटीत एका झाडाचं मूळ शिरून दगडाला मिठी मारून बसलं होतं. ते मूळ दगड फोडतंय की धरून ठेवतंय, ते ठरवता येईना. मी दोन्ही शक्यतांच्या रेघा काढल्या आणि तशाच ठेवल्या.

किल्ला सोळाव्या शतकातला, सिद्दींनी बांधलेला. पुढे पोर्तुगीजांकडे गेला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चिमाजी आप्पांनी तो त्यांच्याकडून घेतला. जवळच्या अमृतेश्वराला त्यांनी बेलाची माळ वाहायचा नवस बोलला होता आणि त्यावरून बेलापूर नाव पडलं, असं गावात सांगतात. १८१७ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि मोडून टाकला. इथून घारापुरीपर्यंत भुयार आहे, अशीही एक आठवण गावात जपलेली आहे. पनवेलच्या खाडीच्या तोंडावरची ही जागा ज्याच्या हाती, त्याच्या हाती घाटावर जाणाऱ्या मालाची वाट. एवढ्यासाठी चार सत्तांनी रक्त सांडलं. आज उरलंय ते मोजक्या भिंती आणि हा बुरूज.

बसून काढता काढता मला गंगाराम तांबटांची आठवण यायची. पेशव्यांच्या पुण्यातले हे चित्रकार. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्याबरोबर १७९०च्या दशकात त्यांनी काम केलं. वेरूळ आणि कार्ल्याची लेणी जागेवर बसून काढली, खांब मोजून, नक्षी उतरवून. मराठी माणसाने पुरातन वास्तूसमोर वही उघडून बसायची रीत तिथून मोजली तर सव्वादोनशे वर्षं झाली. त्यांच्या कामाचा मोठा साठा आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. वेल्स १७९५ मध्ये तापाने गेला. साष्टी बेटावरच्या लेण्यांची चित्रं काढत असताना त्याला गाठलेला तो ताप. साष्टी म्हणजे ठाणे खाडीचा पलीकडचा काठ. मास्क लावून, दर पंधरा मिनिटांनी हाताला सॅनिटायझर चोळत बुरुजासमोर बसलेल्या मला तो फार दूरचा माणूस वाटला नाही.

जागेवर बसून आपलं शहर काढणाऱ्यांची जगभरातली एक मोठी मंडळी आहे, अर्बन स्केचर्स नावाची. सिएटलमधले वार्ताहर-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ मध्ये ती सुरू केली. नियम साधा. फोटोवरून काढायचं नाही, समोर बसून काढायचं आणि जे दिसतं त्याच्याशी इमान राखायचं. साथीच्या काळात त्यांतले कितीतरी जण खिडकीतून दिसेल तेवढं काढत राहिले. मला खिडकीबाहेर पडता आलं, हे माझं भाग्य.

*

नवी मुंबईला इतिहास नाही, हे वाक्य मी स्वतः कित्येकदा म्हटलं आहे. मुंबईला फोर्ट आहे, ठाण्याला तळी आहेत, आमच्याकडे सेक्टर. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी ते वसवणारी सिडको स्थापन झाली. सिडकोला पन्नास वर्षं पुरी झाली ती टाळेबंदीच्या आधीच्या आठवड्यात. पन्नाशीचं शहर म्हणजे अगदीच पोर, असं आपण धरून चालतो.

ऑक्टोबरात बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये आर्टिस्ट्स व्हिलेजला जाऊ लागले. कोरियांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात वसवलेली ही वसाहत. पारसिकच्या पायथ्याशी, मधून डोंगराचा ओढा वाहतो. रचना समजून घ्यायची तर चालत आत शिरावं लागतं. सात घरं एका लहान अंगणाभोवती. अंगण साधारण आठ मीटर लांब, तेवढंच रुंद. अशा तीन पुंजक्यांची एकवीस घरं बारा मीटरच्या मोठ्या चौकाभोवती. आणि अशा चौकांचा पुन्हा एक मोठा मेळ. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. हेतू असा की कुटुंब वाढलं, हाती पैसा आला, तर ज्याने त्याने आपलं घर आपल्याला हवं तसं वाढवावं, शेजाऱ्याची परवानगी लागू नये. उष्ण देशात डोक्यावर आभाळ असलेली जागा ही खोलीइतकीच कामाची असते, हे कोरिया आयुष्यभर सांगत आले. वास्तुकलेच्या पुस्तकांतून हे मी वाचलं होतं. सहा महिने साडेपाचशे चौरस फुटांत चौघांनी काढल्यावर आठ मीटरच्या अंगणात उभी राहिले आणि ते वाक्य अंगाला कळलं.

मूळची उतरत्या छपराची, ओट्याची घरं शोधून काढावी लागली. बहुतेकांनी पाडून दोन-तीन मजली आरसीसीची घरं बांधली आहेत. वास्तुकलेचे अभ्यासक यावर हळहळतात. मला ते पूर्ण पटत नाही. वाढायची मुभा हाच त्या रचनेचा गाभा होता आणि माणसं वाढली. अंगण मात्र कुणी गिळलेलं नव्हतं. मी ज्या चौकात बसत असे तिथे दुपारी एक बाई पायरीवर बसून मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल हातात धरायची, समोरच्या ओट्यावर एक आजोबा पेपर वाचायचे आणि दोघांचं अंतर राखून बोलणं चालायचं. मी ते अंगण चार वेळा काढलं. चारही चित्रांत घरं वेगळी वाटतात, कारण मी दर वेळी वेगळ्या पायरीवर बसले होते. अंगणाचा आकार मात्र चारही वेळा एकच आला.

चाळीस वर्षांची वास्तू ऐतिहासिक म्हणावी का? मी म्हणते. बुरुजाला वाचवायला कुणीतरी पुढे येईल, त्याला शिवकाल-पेशवाईचं वलय आहे. या अंगणांना तसं वलय नाही आणि ती पुसली गेली तर कुणाला कळणारही नाही.

जानेवारी २०२१ मध्ये एकदा पनवेलला जाऊन बेथ एल सिनेगॉग काढून आले. १८४९ मधलं हे बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळ. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, तीच ही माणसं, घरात मराठी बोलणारी. रस्त्यापलीकडून काढलं. एकच चित्र. गर्दी वाढली होती, मन लागेना.

*

सगळ्यांत अवघड काढायला गावठाणं. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. शेतं, खारजमिनी, मिठागरं गेली, गावं जागेवर राहिली. करावे, दिवाळे, आग्रोळी, शहाबाज, सारसोळे. आज चहूबाजूंनी टॉवर आणि मध्ये गावठाणाचा दाट पुंजका. ‘गरजेपोटी’ बांधलेल्या चार-चार मजल्यांच्या घरांमध्ये एखादंच जुनं कौलारू घर उरलेलं. पडवी, ओटा, दारासमोर तुळशीवृंदावन. अशा एका घरासमोर मी बसले तेव्हा घरच्या आजी बाहेर आल्या. मला वाटलं हटकणार. त्यांनी पाण्याचा तांब्या दूरवर ठेवला आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसल्या. चित्र पुरं होईपर्यंत हलल्या नाहीत. दाखवलं तेव्हा छपराकडे बोट करून म्हणाल्या, तिसऱ्या ओळीत एक कौल फुटलंय, ते काढ. ते काढल्यावरच त्यांनी मान हलवली.

या गावांची कहाणी कागदावर आणायची तर नुसती घरं पुरत नाहीत. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं. १० जून २०२१ रोजी, दुसरी लाट ओसरत असताना, नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली. मी रस्त्याच्या कडेला उभं राहून ती काढली. चालत्या हाताने, एकेका माणसाला चार रेघा. सगळ्यांच्या तोंडाला मास्क असल्यामुळे चेहरे काढायचे नव्हतेच. उरले ते एकमेकांना धरलेले हात. वर्षभर हातात हात न घेतलेली माणसं त्या दिवशी हात धरून उभी होती. माझ्या सगळ्या वह्यांत हेच एक चित्र असं आहे की ज्यात इमारत नाही आणि पक्षीही नाही, आणि तरी ते मला नवी मुंबईच्या सगळ्यांत जुन्या वास्तूचं वाटतं.

*

मध्ये एप्रिल २०२१ येऊन गेला होता. त्या महिन्यात मी काही काढलं नाही. वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र कोविड केंद्र झालं होतं आणि रुग्णवाहिकांचा आवाज रात्रभर पाम बीच रस्त्यावरून यायचा. आमच्या इमारतीतून तिघे गेले. काकांनाही नेलं. सतरा दिवसांनी ते परत आले, पण फुप्फुसं थकली होती. जिना उतरला की दम लागायचा. बांधापर्यंत चालत जाणं संपलं.

मग मी वही त्यांच्याकडे नेऊ लागले. दाराबाहेर खुर्ची ठेवून ते बसायचे, मी जिन्यात. डिसेंबरात रोहित परतले होते. एका सकाळी काढलेलं तळ्याचं चित्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी पक्ष्यांकडे पाहिलंच नाही. बांधाच्या दगडांवर बोट ठेवलं, पाणी कुठवर चढलंय ते पाहिलं, सावली कुठल्या बाजूला पडली आहे ते पाहिलं आणि म्हणाले, “हे दशमीचं. आठच्या आत काढलंत.”

घरी येऊन तारीख ताडून पाहिली. दशमी होती.

तेव्हापासून मी प्रत्येक चित्राच्या खाली तारीख लिहायचं सोडलं. पाण्याची रेघ मात्र चुकू देत नाही. काकांना ती वाचायची असते.

*

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत ती गेली. पण ज्या झोपायच्या खोल्यांवर तिचे पक्षी अवलंबून आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. सीवूड्सच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि इमारती आणायचा बेत होता. नागरिक उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने तो रोखला. वाद त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेला. शेजारच्या, डीपीएस शाळेजवळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी यायच्या वाटा बंद झाल्या, तळं आटत गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे रोहित मरून पडले. पाणी येणारच नसेल तर पाऊणकी काय कामाची? लोकांनी आवाज उठवला, काठावर उभे राहिले. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. देशातल्या एका नव्या शहराने आपल्या पोटातलं एक तळं पक्ष्यांसाठी सोडावं, याचं मोल मोठं आहे. ते कागदावरून पाण्यात उतरतं का, हे बघायला मी दर पंधरवड्याला जाते.

डीपीएस तळ्याची माझ्याकडे नऊ चित्रं आहेत. पहिल्यात पाणी कडेपर्यंत आहे. सहाव्यात भेगाळलेला चिखल आहे आणि मधोमध कुत्र्याच्या पावलांची रांग. ही चित्रं कलाकृती म्हणून फार मोलाची नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्यात पाणी कुठवर होतं ते खरं आहे. कुणी विचारलं तर ती दाखवता येतात, आणि एका बैठकीत मी ती दाखवलीही.

पहिल्या वहीची शिवण सुटली आहे. पौर्णिमेच्या त्या दिवशीचं पान तेवढं कोरं आहे, कारण त्या दिवशी काढण्यासारखं काही नाही असं मला वाटलं होतं. आता वाटतं, तो ओहोटीचा चिखल काढायला हवा होता. निवट्या उड्या मारत असणार, चिंबोऱ्यांची बिळं असणार, कोळणींच्या पावलांच्या वाटा असणार. मी फक्त पक्षी नाहीत एवढंच पाहिलं.

काल संध्याकाळी काकांचा फोन आला. बुरुजाच्या बाजूने बरेच दिवस काही आणलं नाहीस म्हणाले. खाडी तिथून कशी दिसते ते विसरत चाललोय, म्हणाले. मी कालनिर्णय पाहिलं. उद्या नवमी. नऊ पाऊण पावणेसात. साडेपाचला निघायला हवं.